उतरलेला सोडा

मे महिन्यातली दुपार. यवतमाळच्या बस स्टँडबाहेर गोळीसोड्याची गाडी. नऊ-दहा वर्षांचा मुलगा पहिला घोट घेतो आणि तोंड वाकडं करतो. ‘काका, सोडा उतरलाय. पाणीच लागतंय नुसतं.’ सोडावाला दुसऱ्या बाटलीची गोळी दाबतो. तीही तशीच. मग आई एक घोट घेऊन बघते, तर तिच्या नाकात झिणझिण्या! सोड्याला काही झालेलं नसतं. बदललेली असते मुलाची जीभ.

प्रसंग कल्पनेतला आहे, तक्रार मात्र खरी. टोपिरामेट हे फिटचं औषध घेणाऱ्या काहींना सोडा, कोला असली पेयं सपक लागू लागतात. सोड्याची झणझण नुसत्या बुडबुड्यांची नसते. त्यातला कार्बन डायऑक्साइड जिभेवर आला की कार्बोनिक अनहायड्रेज नावाचं विकर त्याचं आम्ल बनवतं आणि त्या आम्लाची टोचणी आपल्याला कळते. टोपिरामेट या विकराचा हात धरून ठेवतं. औषध निघालं होतं मेंदूकडे, वाटेत जिभेलाही भेटून गेलं.

वाटेत भेटणं एवढ्यावर थांबत नाही. हेच विकर मूत्रपिंडात असतं, घामाच्या ग्रंथींतही असतं. मूत्रपिंडात त्याचं काम लघवीवाटे निघून चाललेलं बायकार्बोनेट रक्तात परत आणण्याचं. बायकार्बोनेट म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या खाण्याच्या सोड्यातला आम्ल मारणारा भाग. विकर मंदावलं की तो लघवीतून निसटतो आणि रक्त आम्लाकडे झुकतं. म्हणजे बाटलीतला नाही, तरी मुलाच्या रक्तातला सोडा खरोखरच थोडा उतरलेला असतो. बऱ्याच मुलांमध्ये हा फरक फक्त तपासणीच्या कागदावर दिसतो. काहींची भूक मरते, दम लवकर लागतो. आम्लता बरेच महिने टिकली तर हाडं आणि उंची यांना झळ पोचते. लघवीतलं सिट्रेटही घटतं, त्यामुळे मूतखड्याला आयतं निमंत्रण.

विदर्भातल्या आईबापांना मात्र मी आधी घामाबद्दल सांगेन. या औषधावर काही मुलांना घाम कमी येतो. चंद्रपूर-अकोल्याकडे पारा 45 अंशांवर जातो तेव्हा घाम हाच शरीराचा कूलर असतो, आणि इथे त्याचंच पाणी आटलेलं. मूल खेळून येतं ते लालबुंद, अंग तापलेलं, कपाळ कोरडं. आपण ‘ताप आला’ म्हणून पॅरासिटामॉल पाजतो. पण हा जंतूंचा ताप नाही, अंगात कोंडलेली उष्णता आहे. तिथे पॅरासिटामॉलचा फारसा उपयोग नाही. मुलाला सावलीत घ्यायचं, ओल्या फडक्याने अंग पुसत पंख्याखाली ठेवायचं आणि डॉक्टर गाठायचे. झोनिसामाइड या फिटच्या दुसऱ्या औषधावरही घाम असाच आटतो.

गंमत अशी की टोपिरामेट फिटसाठी शोधलंच नव्हतं. 1979 मध्ये अमेरिकेत ब्रूस मॅरिॲनॉफ हे रसायनशास्त्रज्ञ मधुमेहावरच्या औषधाच्या मागे होते. फ्रुक्टोज, म्हणजे फळांतली साखर, घेऊन तिला त्यांनी गंधकाची एक शेपटी जोडली. मधुमेहासाठी ते औषध झालं नाही. पण शेपटीचं रूप फिटवरच्या काही जुन्या रसायनांसारखं होतं, म्हणून त्या अंगाने तपासून पाहिलं आणि ते लागू पडलं. सोडा उतरवते ती हीच शेपटी, साखर बिचारी निर्दोष.

साखरेची ही गोष्ट, तर मुलांना फार मोठ्या प्रमाणावर दिलं जाणारं फिटचं दुसरं औषध चक्क स्निग्धाम्ल आहे. व्हॅल्प्रोएट. 1882 मध्ये बर्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ते बनवलं आणि पुढची ऐंशी वर्षं ते प्रयोगशाळेच्या फडताळात इतर पदार्थ विरघळवायला वापरलं गेलं. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये पिएर एमार काही नवी रसायनं प्राण्यांवर तपासत होते. ती पाण्यात विरघळेनात, म्हणून त्यांनी व्हॅल्प्रोइक ॲसिडात विरघळवली. बघतात तर प्रत्येक रसायन फिट थांबवतंय! सगळीच पोरं पहिली आली की मास्तरांना पेपरचा संशय येतो, तसा संशय द्रावकावर गेला. खरं औषध तेच होतं. 1963 मध्ये हे प्रसिद्ध झालं. आज पाच मिलीच्या टोपणातून सकाळ-संध्याकाळ पोटात जातं ते हेच.

आता त्याचं रूप बघा. आठ कार्बनचा, मधोमध फांदी फुटलेला छोटा स्निग्धाम्लाचा रेणू. यकृत त्याला तेला-तुपाच्या नात्यातला समजतं आणि तसाच वागवतं. पेशीच्या भट्टीत, म्हणजे मायटोकाँड्रियात, लांब साखळीची स्निग्धाम्लं पोचवायला कार्निटिन नावाचे हमाल असतात. व्हॅल्प्रोएटचा काही भाग या हमालांनाच बिलगतो आणि दोघं मिळून लघवीवाटे गावाबाहेर पडतात. हमाल कमी झाले की खरी चरबी भट्टीच्या दारात पडून राहते. शरीर स्वतः कार्निटिन बनवतं, मांस आणि दुधातूनही ते मिळतं. त्यामुळे नीट जेवणाऱ्या मोठ्या मुलाचं सहसा भागतं. दोन वर्षांखालचं, अशक्त, एकाहून अधिक औषधांवर असलेलं मूल असेल तर पुंजी मुळातच लहान.

दुसरी अडचण अमोनियाची. प्रथिनांच्या विघटनातून निघणारा अमोनिया यकृत युरियात बदलून बाहेर टाकतं. या साखळीची पहिलीच कडी व्हॅल्प्रोएट सुस्तावते. बहुतेक मुलांमध्ये अमोनिया किंचित वाढतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. पण मूल अचानक पेंगू लागलं, उलट्या करू लागलं, अडखळून चालू लागलं, तर एसजीपीटी या यकृताच्या तपासणीचा नुसता आकडा बघून ‘लिव्हर ठीक आहे’ म्हणणं धोक्याचं. तो आकडा नॉर्मल असतानाही अमोनिया चढलेला असू शकतो. ही तपासणीही नखरेल आहे. दंडाला पट्टा फार वेळ आवळला, मूल रडून हातपाय झाडत राहिलं, नळी बर्फात न ठेवता तासभर टेबलावर राहिली, की आकडा फुगलाच म्हणून समजा. तालुक्याच्या गावातून मोटारसायकलवर शहरात जाणाऱ्या नमुन्याचं काय होत असेल, याची कल्पना करता येते.

सगळ्यात भीतीदायक म्हणजे यकृत निकामी होणं. ते दुर्मीळ आहे, पण दुर्मीळपणा सगळ्यांना सारखा नाही. फ्रिट्झ ड्रायफस आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये अमेरिकेतल्या मृत्यूंचा हिशेब मांडला. दोन वर्षांखालची आणि सोबत इतर फिटची औषधं घेणारी मुलं असतील तर सुमारे 500 मागे एक मृत्यू. फक्त व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या सगळ्या वयांच्या रुग्णांत 37,000 मागे एक. यातल्या काही मुलांमध्ये मायटोकाँड्रियाच्या कामाला लागणाऱ्या पीओएलजी या जनुकाचा जन्मजात दोष असतो, हे पुढे कळलं. म्हणून आता तान्ह्या मुलाला हे औषध लिहिताना डॉक्टर दहादा विचार करतात.

हे वाचून कुणी उद्या सकाळचा डोस चुकवायच्या विचारात असेल तर थांबा. फिटचं औषध एकदम तोडलं की लागोपाठ, न थांबणाऱ्या फिट येऊ शकतात, आणि तो धोका वरच्या बहुतेक गोष्टींपेक्षा कितीतरी जवळचा आहे. कांदा किंवा चप्पल हुंगवून त्या थांबत नाहीत.

जुन्या औषधांची कथा वेगळी. फेनोबार्बिटल 1912 पासून, फेनिटोइन 1938 पासून वापरात आहे. दोन्ही स्वस्त आणि सरकारी दवाखान्यातली ओळखीची. ही यकृतातल्या विकरांना इतकी कामाला लावतात की ‘ड’ जीवनसत्त्वाचाही फडशा पडतो. अंगणात ऊन असूनही मुडदूस होतो तो असा.

परत व्हॅल्प्रोएटकडे येऊ. त्यावर वजन वाढतं, त्याची पालकांना सुरुवातीला उलट धन्यताच वाटते. ‘औषध मानवलं, अंग धरलं पोराने.’ इन्सुलिन वाढलेलं, भूक खवळलेली आणि मान-काखेत काळसर मखमली पट्टा. तो पट्टा मळ समजून दगडाने घासला जातो. वयात येणाऱ्या मुलीत पाळी अनियमित होते. पुढे गरोदरपणात हे औषध बाळालाही बाधतं, म्हणून मुलींसाठी शक्यतो दुसरा पर्याय शोधतात.

पेच असा की डोस ठरतो किलोवर आणि औषधाने किलोच वाढतात. मूल वाढतंय म्हणून डोस वाढवायचा, की डोसामुळे मूल वाढतंय? काटा एकटा याचं उत्तर देत नाही. त्यासाठी दर खेपेला मुलाला चपला काढून भिंतीला टेकवून उभं करावं लागतं, आणि उंचीचा आकडा वजनाच्या शेजारी त्याच वहीत लिहावा लागतो.