कर्ता कोण? : क्रीडांगणावरील स्वयंसेवकाची भाषा

प्रयोजक क्रियापदांचा परिचय आपण करून घेतला आहे. 'मूल चालते' या वाक्यात मूल कर्ता आहे. 'आई मुलाला चालविते' असे म्हणताच कर्तेपण आईकडे जाते. चालणारे मूल कर्मस्थानी येते. हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. दिव्यांग खेळाडूंसोबत स्वयंसेवक म्हणून काम करू इच्छिणाऱ्याने तो प्रथम समजून घ्यावा, असा आहे.

अंध धावपटूंच्या शर्यतीचे उदाहरण घेऊ. टी-११ या गटात खेळाडूच्या डोळ्यांवर पट्टी असते आणि सोबत मार्गदर्शक धावतो. दोघांच्या हातांत एक आखूड दोरी असते. मार्गदर्शकाने खेळाडूला ओढू नये, ढकलू नये आणि अंतिम रेषा त्याच्या आधी ओलांडू नये, असा नियम आहे. म्हणजेच खेळाडूने धावावे, मार्गदर्शकाने त्याला 'धाववू' नये. टी-१२ गटात मार्गदर्शक घेणे ऐच्छिक असते. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये सिमरन शर्मा हिने या गटातील २०० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळविले, तेव्हा अभय सिंह हे तिचे मार्गदर्शक होते. तिच्याच वेगाने धावायचे, पण पुढे जायचे नाही, हे त्यांचे काम होते.

मार्गदर्शकाचे दुसरे साधन म्हणजे शब्द. येथे आपल्या नित्याच्या बोलण्यातील एक उणीव उघड होते. 'इकडे या', 'तिथे ठेवा', 'तो बघा' यांतील दर्शक शब्दांचा अर्थ बोलणाऱ्याच्या बोटावर आणि नजरेवर अवलंबून असतो. ऐकणाऱ्याला बोट दिसत नसेल, तर वाक्य शुद्ध असूनही अर्थ पोहोचत नाही. 'तुमच्या डाव्या हाताला, दोन पावलांवर पायरी आहे' या वाक्यात मात्र दिशा ऐकणाऱ्याच्या शरीरावरून मोजलेली आहे. चांगला स्वयंसेवक बोलण्याचे केंद्र स्वतःकडून खेळाडूकडे नेतो.

केव्हा बोलू नये, हेही त्याला कळावे लागते. अंधांच्या फुटबॉलमध्ये चेंडूतून आवाज येत असतो, म्हणून खेळ चालू असताना प्रेक्षक शांत राहतात. चेंडूकडे झेपावणारा खेळाडू 'वॉय' असे ओरडतो. हे स्पॅनिश क्रियापद प्रथमपुरुषी एकवचनी आहे. अर्थ, 'मी निघालो'. कर्ता येथे स्वतःच बोलतो.

याउलट अनुभव आपल्याकडे वारंवार येतो. खेळाडू समोर उभा असताना त्याच्या सोबत्याला विचारले जाते, 'यांना पाणी हवे का?' समोरची व्यक्ती द्वितीय पुरुषातून तृतीय पुरुषात ढकलली जाते. प्रौढ खेळाडूला 'बाळ' म्हणणे, न विचारता त्याची चाकांची खुर्ची ढकलणे, हीही त्याच वृत्तीची रूपे होत. हेतू चांगला असतो, पण कर्तेपण हिरावले जाते. 'आपल्याला मदत हवी आहे का? कशी करू?' हे दोन प्रश्न ते परत देतात. उत्तर 'नको' असे आले, तर तेही उत्तरच मानावे.

स्वाध्याय : आपल्या घरापासून जवळच्या बसथांब्यापर्यंतचा मार्ग अंध व्यक्तीला समजेल असा दहा वाक्यांत लिहा. 'इकडे', 'तिकडे', 'हा', 'तो' हे शब्द टाळा.