झाकलेली पाने आणि उघडा पडदा

पत्त्यांचा डाव प्रत्यक्ष पाहणे आणि दूरचित्रवाणीवर पाहणे यांत मोठे अंतर आहे. पोकर या खेळात तर ते अंतर इतके वाढते की, पडद्यासमोर बसलेला मनुष्य आणि टेबलाशी बसलेला खेळाडू हे दोघे वस्तुतः दोन निराळे खेळ पाहत असतात असे म्हणावयास हरकत नाही. प्रेक्षकाला दोन्ही हातांतील पाने दिसतात, खेळाडूला केवळ स्वतःची. आणि तरीही, डाव संपताच प्रेक्षक खेळाडूच्या शहाणपणाचा निवाडा करून मोकळा होतो.

हे उघडे पान प्रेक्षकाच्या पदरात पडले ते एका खेळणी बनविणाऱ्या गृहस्थामुळे. हेन्री ओरेनस्टाइन हे मूळचे पोलंडचे. नाझींच्या छळछावण्यांतून वाचून ते अमेरिकेत गेले आणि खेळण्यांच्या धंद्यात नावारूपाला आले. टेबलाच्या कडेला कॅमेरा बसवून खेळाडूची झाकलेली पाने केवळ प्रेक्षकांना दाखविण्याच्या युक्तीचे पेटंट त्यांनी १९९५ साली घेतले. त्यापूर्वी दूरचित्रवाणीवरील पोकर म्हणजे काही गंभीर चेहरे आणि चकत्यांचे ढीग, इतकेच दिसे. ब्रिटनमध्ये १९९९ साली टेबलाच्या काचेखालून पाने दाखविणारा कार्यक्रम सुरू झाला आणि थोड्याच वर्षांत अमेरिकेतही ती पद्धत रूढ झाली. एका कॅमेऱ्याने संपूर्ण खेळाचे श्रोतृवर्गाशी असलेले नाते पालटावे, हे क्वचितच घडते.

या पद्धतीने गाजलेला डाव २००३ सालच्या जागतिक स्पर्धेतला आहे. लास व्हेगास येथे भरलेल्या त्या स्पर्धेची प्रवेश-फी दहा हजार डॉलर होती, खेळाडू ८३९ होते आणि पहिले बक्षीस २५ लाख डॉलरांचे होते. अखेरीस दोघे उरले. एक सॅम फारहा, लेबनॉनमध्ये जन्मलेले, ओठांत न पेटविलेली सिगारेट धरून बसणारे मुरलेले व्यावसायिक. दुसरे ख्रिस मनीमेकर, टेनेसी राज्यातील एक हिशेबनीस, शंभर डॉलरांहून कमी खर्चात संगणकावरील पात्रता-फेरी जिंकून आलेले. आडनाव मनीमेकर म्हणजे पैसा करणारा. कादंबरीकाराने असे नाव ठेवले असते तर वाचकाने नाक मुरडले असते.

खेळाची रीत थोडक्यात अशी. प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात. मग टेबलावर सर्वांसाठी प्रथम तीन, नंतर चौथे आणि शेवटी पाचवे पान उघडले जाते. प्रत्येक टप्प्यावर बोली लागते. एकूण सात पानांतून ज्याची पाच उत्तम, तो जिंकतो; अथवा समोरच्याने पाने टाकली, तर न दाखवताही जिंकतो. आपल्याकडील तीनपत्ती खेळणाऱ्यांना यातले मर्म समजावून सांगण्याची गरज नाही.

त्या डावात मनीमेकर यांच्या हाती इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती होती. फारहा यांच्याकडे इस्पिकची राणी आणि बदामची नव्वी. टेबलावर आली इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री, इस्पिकची छक्की. नव्व्यांची जोडी जमली म्हणून फारहा पुढे होते. या टप्प्यावर मात्र कोणीच बोली लावली नाही. चौथे पान इस्पिकची अठ्ठी. फारहा यांनी तीन लाखांच्या चकत्या लावल्या, मनीमेकर यांनी त्या आठ लाखांवर नेल्या, फारहा यांनी बरोबरी केली. पाचवे पान बदामची तिर्री, म्हणजे कोणाच्याच कामाची नव्हे. फारहा थांबले आणि मनीमेकर यांनी सर्वस्व पणाला लावले. हातात जोडीसुद्धा नसताना!

फारहा यांनी विचार केला, इस्पिकची वाट पाहत फसलात काय, असे प्रतिस्पर्ध्याला मोठ्याने विचारलेही. त्यांचा तर्क तंतोतंत बरोबर होता. काळा चष्मा आणि टोपी यांच्याआडचा चेहरा काही बोलला नाही. फारहा यांनी पाने टाकली.

पडद्यासमोरचा निवाडा सोपा होता : एक धाडसी, दुसरा भित्रा. परंतु निर्णयाची परीक्षा करावयाची तर निर्णय घेणाऱ्याला जे माहीत होते तेवढ्यावरच करावयास हवी. प्रथम चौथ्या पानावरील मनीमेकर यांची चाल पाहू. त्यांना आणखी एक इस्पिक आले असते तर पाच इस्पिकांची रंगी झाली असती. दश्शी किंवा पंजी आली असती तर सलग पाच पानांचा क्रम झाला असता. राजा आला असता तर मोठी जोडी. दोन्ही हात उघडे धरून मोजले, तर उरलेल्या ४४ पानांपैकी आठ इस्पिक, इस्पिक नसलेल्या दश्श्या-पंज्या सहा आणि राजे तीन, अशी १७ पाने त्यांना तारणारी होती. म्हणजे शेकडा ३८ ते ३९ वेळा. तेव्हा ती हूल पोकळ नव्हती. समोरच्याने पाने टाकली तर लाभ, न टाकली तरी आशा.

पाचव्या पानानंतर मात्र आशा संपली आणि शुद्ध हूल उरली. येथे हिशेब निराळा लागतो. समजा, मधल्या ढिगात दहा चकत्या आहेत आणि हूल देणाराने पंधरा लावल्या. दहा मिळविण्यासाठी तो पंधरा धोक्यात घालतो, म्हणून शंभरांतून साठ वेळा समोरच्याने पाने टाकली तरच त्याचे नुकसान होत नाही. उलट बाजूने, बरोबरी करणाऱ्याला चाळीसांच्या ढिगासाठी पंधरा द्यावे लागतात. शंभरांत साडेसदतीस वेळांहून अधिक तो जिंकणार असेल तर त्याने बरोबरी करावी. म्हणजे फारहा यांच्यापुढचा प्रश्न ‘हा खोटे बोलतो आहे काय’ हा नव्हताच. ‘हा किती वेळा खोटे बोलत असेल’ हा होता.

आता फारहा यांच्या खुर्चीवरून पाहावे. टेबलावर तीन इस्पिक उघडी, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या हाती दोन इस्पिक असली तर रंगी आधीच झालेली. न दिसलेल्या नऊ इस्पिकांतून अशा ३६ जोड्या संभवतात. राणी त्यांच्या स्वतःच्या हाती नसती तर त्या ४५ झाल्या असत्या. तेवढी भीती त्यांच्याच एका पानाने कमी केली होती. पण त्या ३६ जोड्यांतील पुष्कळशा कोणी आरंभीच टाकून देईल, हेही खरे. यांखेरीज सत्ती-दश्शी, सत्ती-पंजी यांचा क्रम होता, दोन जोड्या होत्या, तीन सारखी पाने होती. फारहा यांची नव्व्यांची एकुलती जोडी या सर्वांपुढे हरत होती आणि केवळ फसलेल्या पानांपुढे वा हलक्या जोडीपुढे जिंकत होती. स्पर्धेतले जवळजवळ सर्व काही त्या एका बोलीवर अवलंबून होते. समोर बसलेला हिशेबनीस इतक्या मोठ्या व्यासपीठावर अशी थाप मारील, असे मानण्यास अनुभवी मनुष्याला फारसा आधार नव्हता. ते पाने टाकणे चुकले. पण त्यात मूर्खपणा नव्हता.

हूल हा स्वभावाचा नव्हे तर गणिताचा विषय आहे, ही गोष्ट जॉन फॉन नॉयमन यांनी फार पूर्वी ओळखली होती. १९२८ सालच्या त्यांच्या निबंधापासून खेळांचा सिद्धांत उभा राहिला आणि १९४४ साली मॉर्गेनस्टर्न यांच्यासमवेत लिहिलेल्या ग्रंथात पोकरवर स्वतंत्र विवेचन आले. जो कधीच हूल देत नाही त्याच्या चांगल्या पानांना कोणी पैसे देत नाही; जो सदैव देतो तो लुटला जातो; प्रमाण यांच्या मध्ये कोठेतरी आहे. ते प्रमाण शोधण्याचे काम पुढे संगणकाने हाती घेतले. २०१७ साली पिट्सबर्ग येथे ‘लिब्राटस’ नावाच्या कार्यक्रमाने चार व्यावसायिक खेळाडूंना एक लाख वीस हजार डावांत हरविले. त्याला चेहरा वाचता येत नव्हता आणि त्याला तो वाचण्याची गरजही पडली नाही.

दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकाची आणखी एक अडचण असते. कित्येक दिवसांच्या खेळातून संपादक मोजके डाव निवडतो. तासन् तास पाने टाकीत बसण्याला पडद्यावर जागा नाही. मग व्यावसायिक खेळाडू प्रत्येक डावाला धाडस करतो असा ग्रह होतो. त्याच्या कसबाचा मोठा भाग वगळलेल्या फितीत राहून जातो.

त्या रात्रीचा शेवटचा डाव याच संदर्भात पुन्हा पाहण्याजोगा आहे. गुलाम, पंजी आणि चौकी अशी पाने उघडली. फारहा यांच्याकडे गुलामांची जोडी. मनीमेकर यांच्याकडे पंजी-चौकी, म्हणजे दोन जोड्या. या वेळी एका जोडीवर फारहा यांनी सर्वस्व लावले आणि ते हरले. मघाशी टाकलेल्या पानांची सल त्या निर्णयात किती होती, हे टेबलाखालचा कॅमेरा दाखवू शकत नव्हता. पुढील वर्षी, २००४ साली, त्याच स्पर्धेला २,५७६ खेळाडू आले.