पाच दिवसांच्या सुट्टीत बर्फ किती?

मध्यप्रदेशातल्या शाळांना २०२५-२६ साली हिवाळी सुट्टी मिळाली ५ दिवसांची, ३१ डिसेंबर ते ४ जानेवारी. एवढ्यात आमच्या लांजीहून मनालीचा बर्फ बघून येता येईल का? लांजी ते गोंदिया चाळीस-पन्नास किलोमीटर. गोंदियाहून दिल्ली रेल्वेने १,२०० किलोमीटरच्या वर, म्हणजे १८ ते २० तास. पुढे मनालीची बस १२ ते १४ तासांची. मधली ताटकळ धरली की जायला दोन दिवस, यायला दोन. हाती उरतो एक. नागपूरहून विमान धरलं तर दोन दिवस वाचतात खरे, पण वर्षअखेरीचं भाडं ऐकलं की घरोघरी पुन्हा स्लीपरच्या वेटिंग लिस्टचीच चौकशी सुरू होते.

त्या एका दिवशी बर्फ असेलच असं नाही. उत्तरेला गेलं की बर्फ मिळतो, हा समज निम्माच खरा. श्रीनगर आणि गुलमर्ग दोन्ही ३४ अंश अक्षांशावर, पण श्रीनगर १,५८५ मीटर उंचीवर तर गुलमर्ग २,६५० मीटरवर. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे दोन्हींत सुमारे ७ अंशांचा फरक. श्रीनगरात ४ अंशांवर पाऊस पडत असला, तर गुलमर्गला उणे ३ वर बर्फ पडतो. मनालीचा बाजार २,०५० मीटरवर आहे. तिथे रस्त्यावर नुसता चिखल असताना ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा ओलांडून लाहौलमधल्या सिस्सूला, ३,१०० मीटरवर पोचावं, तर सगळं पांढरं. ऑक्टोबर २०२०मध्ये हा बोगदा सुरू झाल्यापासून मनालीच्या पर्यटकांचा ओढा लाहौलकडे वाढला, तो उगीच नाही.

नुसती उंचीही पुरत नाही. लेह ३,५०० मीटरवर आहे, जानेवारीत तिथे हाडं गोठतात, पण वर्षभराचा पाऊस-बर्फ मिळून पाणी जेमतेम १०० मिलिमीटर. आपल्याकडे आषाढातल्या एखाद्या झडीत तेवढं एका दिवसात कोसळतं. हिमालयात हिवाळी ओलावा आणतात ते भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ. त्यांतून १० मिलिमीटर पाणी मिळालं, तर साधारण १० सेंटिमीटर बर्फ साचतो. विक्षोभ फिरकलेच नाहीत, तर थंडी कोरडीच जाते.

काश्मिरात कडाक्याच्या थंडीचे ४० दिवस, चिल्लई कलान, २१ डिसेंबरला सुरू होतात. पण डिसेंबर २०२३मध्ये जम्मू-काश्मीरात पर्जन्याची तूट ७९ टक्के होती आणि जानेवारीच्या सुरुवातीला गुलमर्गच्या उतारांवर वाळकं गवत दिसत होतं. २०२५ साली तर खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा बर्फाअभावी फेब्रुवारीतून पुढे ढकलून ९ ते १२ मार्चला घ्यावा लागला. राष्ट्रीय स्पर्धेची ही गत, तर दोन महिने आधी तिकीट काढणाऱ्याने कशाच्या भरवशावर राहावं? स्कीइंग शिकण्याचं तर बोलूच नका. मनालीच्या सरकारी पर्वतारोहण संस्थेतला नवशिक्यांचा वर्गच १४ दिवसांचा असतो. पाच दिवसांत हाती लागते ती घसरगाडी, भाड्याचे गमबूट आणि फोटो.

पैशाचं गणितही इथे लांजीच्या धानपट्ट्यात वेगळं आहे. समजा चौघांचा खर्च ६०,००० रुपये. २०२५-२६च्या २,३६९ रुपये हमीभावाने ते झालं २५ क्विंटल धान. आणि हमीभावाची खरेदी चालते डिसेंबरपासून जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. ऐन सुट्टीत घरातलं कोणीतरी केंद्रावर पोती घेऊन बसलेलं असतं, विकलेल्या धानाचे पैसे खात्यात यायचे असतात. फेब्रुवारीत बर्फाची शक्यता बरी, तर बोर्डाच्या परीक्षा आडव्या येतात.

म्हणून माझं मत उन्हाळ्याच्या बाजूने. मे महिन्यात सुट्टी लांब असते आणि मनालीजवळच्या ३,९७८ मीटरच्या रोहतांग खिंडीत तेव्हाही बर्फ सापडतो. लांजी समुद्रसपाटीपासून तीनेकशे मीटरवर. नुसत्या उंचीच्या हिशेबानेच खिंडीत इथल्यापेक्षा २४ अंश कमी. मात्र खिंडीत दिवसाला १,२०० पर्यटक गाड्यांनाच परवाना मिळतो, ८०० पेट्रोलच्या आणि ४०० डिझेलच्या, आणि मंगळवारी रस्ता पर्यटकांना बंद असतो. मनालीत पोचायचा वार ठरवूनच गोंदियाचं आरक्षण करावं.