लेखणीचा वेग (भाग ४) : ‘ढ’ मुलाची सोपी लिपी

गेल्या आठवड्यात आपण आयझॅक पिटमनपाशी थांबलो होतो. ज्यांनी दादरच्या नाहीतर पुण्याच्या एखाद्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये डिक्टेशन घेत संध्याकाळी घालवल्या, त्यांच्या लेखी शॉर्टहँड म्हणजे पिटमनच. अमेरिकेतल्या स्टेनोला मात्र विचारलं असतं, तर तिनं वेगळंच नाव घेतलं असतं : ग्रेग.

जॉन रॉबर्ट ग्रेगचा जन्म १८६७चा, आयर्लंडमधल्या मोनाहन परगण्यातला. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर. शाळेत जायला लागून फार दिवस झाले नव्हते. वर्गात शेजारच्या पोराशी कुजबुजताना मास्तरांनी जॉनला पकडलं आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. त्या दणक्यानं त्याचे कान कायमचे अधू झाले. शिकवलेलं नीट ऐकूच येईना, म्हणून उत्तर देता येईना. आणि उत्तर देता येत नाही म्हणून शाळेत नि घरात शिक्का बसला, पोरगं ढ आहे.

पुढे त्यांच्याकडे एक पत्रकार पाहुणा आला. रविवारी चर्चमध्ये तो प्रवचन शॉर्टहँडमध्ये शब्दन् शब्द उतरवून घेऊ लागला. ते पाहून प्रवचनकाराला घाम फुटला, कारण प्रवचन दुसऱ्या कुणा नामवंताचं उचललेलं होतं! ‘एवढं छापू नका हो,’ अशी त्यानं नंतर गयावया केली म्हणतात. जॉनच्या वडिलांना ही विद्या इतकी भावली की सगळ्या मुलांनी शॉर्टहँड शिकलंच पाहिजे असं फर्मान निघालं. थोरल्या भावंडांनी पिटमनपुढे हात टेकले. जॉनकडून कुणाची अपेक्षाच नव्हती. त्यानं सॅम्युएल टेलरची जुनी, सोपी पद्धत घेतली आणि आपली आपण शिकून टाकली.

कुटुंब ग्लासगोला आलं, शाळा लवकर सुटली, जॉन वकिलाच्या कचेरीत पोऱ्या म्हणून लागला. फावल्या वेळात एकच नाद : मिळेल ती लघुलिपी शिकायची आणि ती कुठे अडते ते पाहायचं. अखेर १८८८मध्ये लिव्हरपूलला त्यानं स्वतःची पद्धत छापली. वय वीस. भांडवल भावाकडून उसने घेतलेले दहा पौंड, पुस्तिका अठ्ठावीस पानांची आणि प्रती पाचशे.

त्यानं नेमकं काय बदललं, हे मराठी वाचकाला सांगणं सोपं आहे, कारण बाराखडी आपल्या जिभेवर आहे. क आणि ग, त आणि द, प आणि ब या जोड्यांत तोंडातली जागा एकच. फरक घशातल्या कंपाचा. पिटमननं ही जोडी ओळखली आणि प बारीक रेघेनं तर ब तीच रेघ ठसठशीत काढून दाखवला. कागदावर हे सुरेख दिसतं. पण घाईत पेन्सिल दाबायची राहिली की ब चा प होतो. ग्रेगनं दाब काढून टाकला आणि लांबी घेतली : त आखूड तर द लांब, क आखूड तर ग लांब. तीच युक्ती त्यानं न-म आणि र-ल या जोड्यांनाही लावली.

दुसरा बदल स्वरांचा. पिटमनमध्ये स्वर म्हणजे व्यंजनांच्या बाजूला मागाहून द्यायचे ठिपके नि छोट्या रेघा. वेगात लिहिताना ते गाळायचे आणि रेघ ओळीच्या वर आहे, ओळीवर आहे की ओळीला छेदते आहे यावरून स्वर ताडायचा. वही नंतर वाचताना नवशिक्याची गाळण उडते ती इथेच. ग्रेगनं स्वरांना लहान-मोठी वर्तुळं आणि हुकासारखे आकडे दिले आणि ते व्यंजनांच्या साखळीतच ओवले. इंग्रजी ‘मेल’ लिहायचं तर लांब आडवी रेघ, मोठं वर्तुळ, लांब वळण, आणि हात न उचलता शब्द पुरा. रेषांचं वळणही रोजच्या कलत्या हस्ताक्षराचंच.

यातली प्रत्येक कल्पना त्याची स्वतःची नव्हती. स्वर जोडून लिहिणं फ्रान्समधल्या दुप्लोयेच्या लिपीत आधीच होतं. ग्रेगचं कसब निवडीत होतं. ‘सामान्य विद्यार्थी इथे अडेल का?’ हा प्रश्न त्यानं प्रत्येक चिन्हाला विचारला, कारण तो स्वतः एकेकाळी तसाच अडलेला होता.

इंग्लंडमध्ये पिटमनच्या बालेकिल्ल्यात त्याचा निभाव लागणं अवघड होतं. १८९३मध्ये तो बोस्टनला गेला, १८९५मध्ये शिकागोला. तो काळ अमेरिकेत टाइपरायटरचा आणि त्यामागून आलेल्या ‘बिझनेस कॉलेजां’चा. कारखाने, बँका, रेल्वे कंपन्या यांना पत्रं लिहून घेणारी माणसं हवी होती, आणि कचेरीत शिरणाऱ्या मुलींना थोड्या महिन्यांत हाताशी येणारी विद्या. ग्रेगनं क्लास चालवले, गावोगावच्या शाळांना पद्धत पटवली, पाठ्यपुस्तकं आणि मासिक काढलं, शिक्षकांना शिकवून तयार केलं. त्याची शिकागोतली शाळा आणि प्रकाशन संस्था दोन्ही नावारूपाला आल्या. ‘सोपी लिपी वेगात मार खाणार’ हा आक्षेपही टिकला नाही : त्याचा विद्यार्थी चार्ल्स स्वेम राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांचा स्टेनो झाला आणि पुढे त्यानं वेगाच्या स्पर्धाही जिंकल्या.

ब्रिटिश अंमलातल्या कचेऱ्यांमुळे आपल्याकडे पिटमन रुजलं, ग्रेग फारसं आलंच नाही. लिपीचं नशीब तिच्या गुणांइतकंच ती कुणाच्या बोटीतून आली यावरही ठरतं.

ग्रेग १९४८मध्ये न्यूयॉर्कला वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या पद्धतीची ‘सिम्प्लिफाइड’ आवृत्ती निघाली. तिच्यात पाठ करायच्या संक्षिप्त रूपांची संख्या आणखी कमी केली होती. कमाल वेग थोडा गेला तरी चालेल, पण शिकणारा मागे राहू नये, असा तिचा हिशेब. कान गमावलेल्या विद्यार्थ्याची आठवण त्या हिशेबात शेवटपर्यंत राहिली, असं मला वाटतं.

पुढच्या आठवड्यात : कोर्टातल्या पेन्सिलीची जागा घेणारं स्टेनोटाइप यंत्र. तोवर घरात कुणाची जुनी शॉर्टहँडची वही असेल तर काढून बघा. बारीक आणि ठसठशीत रेघा दिसल्या, तर ती पिटमनची.