घोड्याचा एकच पाय सुजला? वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा

उलवे (ता. पनवेल) : उलवे-पनवेल भागातली वरात असो, अलिबागच्या किनाऱ्यावरची घोडागाडी असो की गाड्यांना बंदी असलेलं माथेरान, रायगडात आजही कित्येक घरांची चूल घोड्याच्या पायावर पेटते. त्यामुळे पाय सुजला की मालक आधी घरगुती उपाय करून बघतो. "दोन दिवसांत उतरेल" म्हणतो. जंतुसंसर्गाची सूज असेल तर हेच दोन दिवस महागात पडतात.

साधी सूज की संसर्ग?

घोडा रात्रभर एका जागी बांधलेला असला की सकाळी पाय भरलेले दिसतात. ही सूज बहुतेक दोन्ही मागच्या पायांना सारखी असते, हाताला गार लागते, दुखत नाही आणि थोडं फिरवलं की उतरते. तिची फार काळजी नको.

संसर्गाची सूज वेगळी. ती बहुधा एकाच पायाला, त्यातही मागच्या पायाला येते. काही तासांतच पाय खांबासारखा जाड होतो, कधी कधी जांघेपर्यंत. हात लावला तर गरम लागतो, घोडा पाय झटकतो, टेकवत नाही, लंगडतो. चारा सोडतो. अंगात ताप असतो. घोड्याचं नेहमीचं तापमान साधारण 99 ते 101.5 अंश फॅरेनहाइट असतं. गुदद्वारात थर्मामीटर लावून ते मोजता येतं. त्यावेळी मागे उभं न राहता बाजूला उभं राहावं.

संसर्ग शिरतो कुठून?

बऱ्याचदा जखम एवढीशी असते की दिसतही नाही. काट्याची टोच, तारेचा ओरखडा, नालेचा घाव. पावसाळ्यात चिखलात उभं राहून खुराच्या वरच्या खोलगट भागातली कातडी भिजते, चिरते, खपल्या धरतात. तिथून जंतू आत जातात आणि कातडीखाली पसरतात.

डॉक्टर येईपर्यंत

काम लगेच थांबवा. घोडा कोरड्या, मऊ जागेवर बांधा. पायावर 15 ते 20 मिनिटं गार पाणी सोडा, दिवसातून दोन-तीन वेळा, आणि नंतर पाय नीट कोरडा करा. जखम दिसली तर स्वच्छ पाण्याने धुवा. दाणा कमी करा, सुकं गवत आणि पाणी भरपूर ठेवा.

डाग देऊ नका, बिब्बा लावू नका, दोरीने किंवा चिंधीने पाय आवळू नका. सुजेला ब्लेड लावू नका. गाई-म्हशींचं उरलेलं औषध तर मुळीच देऊ नका. लिंकोमायसिनसारखी काही अँटिबायोटिक्स घोड्याचं आतडं बिघडवून जीव घेऊ शकतात.

औषध, मात्रा आणि किती दिवस हे डॉक्टरच ठरवतील. सूज उतरली म्हणून इंजेक्शनं अर्धवट सोडू नका. घोड्याला धनुर्वात लवकर होतो, म्हणून जखम असेल तर त्या लसीचंही विचारा. ताप उतरला की डॉक्टरांच्या सल्ल्याने हातात धरून थोडं थोडं चालवा. चालण्याने सूज ओसरते. चांगल्या पायाकडेही लक्ष हवं. सगळा भार त्याच्यावर आल्याने त्याचा खूर बिघडू शकतो.

उशीर झाला तर पाय कायमचा जाड राहतो आणि सूज पुन्हा पुन्हा येते. मग चार दिवसांचा धंदा वाचवायला जाऊन घोडाच कामातून जातो.

गाठी दिसल्या तर सावध

पायावर ओळीने गाठी आल्या, त्या फुटून चिकट पू वाहू लागला किंवा नाकातून घट्ट शेंबूड येत असेल तर ग्लँडर्सची शंका घ्यावी. हा रोग माणसालाही होतो. उघड्या हाताने जखम हाताळू नका, घोडा वेगळा बांधा, त्याचं पाणी-भांडं वेगळं ठेवा आणि पशुसंवर्धन विभागाला ताबडतोब कळवा. 2009 च्या केंद्रीय कायद्यानुसार हा रोग कळवणं बंधनकारक आहे. रक्ततपासणीनेच खात्री होते.

रोजची पाच मिनिटं

कामावरून आल्यावर चारही पाय धुवून कोरडे करा आणि खुरापासून वरपर्यंत हात फिरवा. कुठे गरम, कुठे खपली, ते हातालाच कळतं. सुट्टीच्या दिवशी दाणा कमी द्या, पण फेरी चुकवू नका. तबेल्यातली जमीन कोरडी ठेवा.

मदतीसाठी जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा किंवा 1962 या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे.