निळी ज्योत, काळे तेल

सकाळी अम्मी चहासाठी गॅस पेटवते. त्याच वेळी गल्लीत टेम्पोवाले चाचा इंजिनातील जुने ऑईल काढत असतात. भरताना ते मधासारखे दिसत होते. आता ते डांबरासारखे काळे झाले आहे. शेगडीची ज्योत आणि हे काळे तेल यांचा काही संबंध असेल का? आहे. दोन्ही ठिकाणी ऑक्सिजनच काम करतो.

एलपीजी, रॉकेल, डिझेल, इंजिन ऑईल हे पदार्थ मुख्यतः कार्बन व हायड्रोजन यांचे बनलेले असतात. त्यांतील अशा संयुगांना हायड्रोकार्बन म्हणतात. एलपीजीत प्रोपेन आणि ब्युटेन हे वायू असतात. काडी लावताच त्यांच्या काही रेणूंचे तुकडे होतात. हे तुकडे ऑक्सिजनशी संयोग पावतात आणि त्यातून नवे तुकडे तयार होतात. ही साखळी क्षणार्धात पसरते. शेवटी कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ तयार होते. गार पातेले ज्योतीवर ठेवा. त्याच्या बुडाला क्षणभर दव दिसते, ते हेच पाणी.

मात्र हवा पुरेशी हवी. बर्नरची हवेची भोके कचऱ्याने बुजली, की ज्योत पिवळी होते. न जळालेले कार्बनचे कण तिच्यात तापून चमकतात. तेच भांड्याला काजळी होऊन चिकटतात. काजळी निदान दिसते तरी! अपुऱ्या हवेत कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो. तो दिसत नाही, त्याला वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर लावून आंघोळ करणारी माणसे यामुळेच बेशुद्ध पडतात, कधी दगावतातही. तेथे डोके जड झाले किंवा मळमळू लागले, तर गीझर बंद करण्यातही वेळ न घालवता आधी बाहेर यावे.

इंजिन ऑईलमध्ये ज्योत नसते. तेथे ऑक्सिजन गरम तेलात विरघळतो. येथेही साखळीच चालते, पण सावकाश. आधी पेरॉक्साइडे होतात, मग आम्ले आणि चिकट गाळ. तापमान सुमारे १० अंश सेल्सिअसने वाढले, की हा वेग साधारण दुप्पट होतो. चाचांच्या तेलाचा काळेपणा मुख्यतः डिझेलच्या काजळीचा आहे, पण ते दाट होण्यात ऑक्सिजनचाही वाटा असतो. ही साखळी तोडणारी रसायने कारखान्यातच तेलात घालतात. ती हे काम करता करता स्वतःच संपतात. म्हणून चाचा ठरलेल्या किलोमीटरनंतर तेल बदलतात. दुकानातल्या बंद डब्यातील तेल मात्र गार आणि हवेपासून दूर असते, म्हणून ते बरीच वर्षे टिकते.