पुनर्निर्देशन, संकेतस्थळीय पत्त्यांचे

संकेतस्थळावरील पानाचा पत्ता बदलल्यावर जुन्या पत्त्यावर आलेली मागणी आपोआप नव्या पत्त्याकडे वळविण्याची व्यवस्था. संकेतस्थळ चालविणारी संगणकप्रणाली बदलली की, पत्त्यांची रचनाही बहुधा बदलते, उदा., पूर्वी क्रमांकाने ओळखले जाणारे पान नव्या रचनेत शीर्षकाने ओळखले जाते. मजकूर शाबूत राहतो. परंतु ग्रंथांत व इतर संकेतस्थळांवर नोंदले गेलेले जुने पत्ते संकेतस्थळाच्या चालकास बदलता येत नाहीत. पुनर्निर्देशनाच्या अभावी तेथून येणाऱ्या वाचकास ‘पान सापडत नाही’ या अर्थाचा ४०४ हा संकेतांक मिळतो व तो संदर्भ निरुपयोगी ठरतो.

पुनर्निर्देशनात सर्व्हर ब्राउझरला तीन अंकी संकेतांक व नवा पत्ता कळवितो आणि ब्राउझर त्या पत्त्यावर पुन्हा मागणी करतो. ३०१ व ३०८ हे संकेतांक कायमचे, तर ३०२ व ३०७ हे तात्पुरते स्थलांतर दर्शवितात. कायमच्या स्थलांतरावरून शोधयंत्रे सामान्यतः नव्या पत्त्याची नोंद घेतात.

स्थलांतरापूर्वी जुन्या व नव्या पत्त्यांची सारणी तयार करतात. ठराविक घडणीचे पत्ते एकाच नियमाने, तर उरलेले एकेक करून जोडावे लागतात. सर्व जुने पत्ते मुखपृष्ठाकडे वळविल्यास वाचकास हवे ते पान मिळत नाही. एकापुढे एक पुनर्निर्देशने जोडल्यास विलंब होतो. ती परस्परांकडे वळल्यास पान उघडतच नाही. कायमच्या काढून टाकलेल्या पानासाठी ४१० हा संकेतांक आहे.

वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी पत्ते मुळातच न बदलण्याजोगे योजावेत, असे १९९८ मध्ये प्रतिपादिले. जुन्या क्षेत्रनामाची नोंदणी संपल्यास त्यावरील पुनर्निर्देशनही थांबते. म्हणून ती चालू ठेवणे आवश्यक असते.